समुद्राची फाईल कोणाच्या मेजावर?

१९९९ च्या नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात एक पाठलाग झाला. ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियाच्या बंदरातून सुमारे सात हजार टन अॅल्युमिनियम घेऊन जपानकडे निघाले होते. चाच्यांनी ते वाटेतच बळकावले, त्यावरील सतरा खलाशांना एका तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून दिले, जहाजाला नवा रंग दिला, ‘मेगा रामा’ असे नवे नाव दिले आणि ते पश्चिमेकडे हाकारले. तटरक्षक दलाच्या ‘ताराबाई’ने त्याचा माग काढला, नौदलाच्या ‘प्रहार’ने त्याला जेरीस आणले आणि चाचे कैद होऊन मुंबईला आले. महाराणी ताराबाईंचे नाव धारण करणाऱ्या नौकेने ही कामगिरी करावी, यात कोणालाही अभिमान वाटावा. जगभरच्या जहाज व्यवसायाने भारताची पाठ थोपटली.

पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ च्या फेब्रुवारीत या आरोपींना सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली आणि २००५ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. यात न्यायालयाला दोष देण्याचे कारण नाही. जहाज परदेशी, आरोपी परदेशी, गुन्हा दूरच्या सागरात घडलेला आणि ‘चाचेगिरी’ या गुन्ह्याची स्वतंत्र व्याख्याच भारतीय दंडविधानात नव्हती! पकडणाऱ्यांनी प्राण पणाला लावून जे मिळवले, ते टिकवून धरणारा कायदाच देशाजवळ नव्हता.

आणि हे अज्ञानापोटी घडले असेही नव्हते. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार १९८२ साली तयार झाला, १९९४ साली अमलात आला आणि १९९५ च्या जूनमध्ये भारताने त्याला रीतसर मान्यता दिली. चाचेगिरी म्हणजे काय, हे त्या करारात स्वच्छ लिहिले आहे. खुल्या समुद्रात चाच्यांचे जहाज पकडण्याचा अधिकार त्याने प्रत्येक राष्ट्राला दिला आहे. प्रश्न होता तो करारातील ही कलमे देशाच्या कायद्यात उतरवण्याचा. २०११ साली नौदलाने शंभराहून अधिक सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले, तेव्हाही खटले चालले ते जुन्याच कलमांच्या आधारे. २०१२ साली एक विधेयक आले आणि लोकसभेची मुदत संपताच विरून गेले. अखेर २०१९ मध्ये नवे विधेयक मांडले गेले आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संमत केला. कराराला मान्यता दिल्यानंतर तब्बल सत्तावीस वर्षांनी! हे विधेयक संसदेत मांडणारे खाते गृह नव्हते आणि संरक्षणही नव्हते. ते परराष्ट्र खाते होते, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली.

या कायद्याचे मोल वर्षभरातच कळले. ‘रुएन’ हे मालवाहू जहाज डिसेंबर २०२३ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवले होते. १६ मार्च २०२४ रोजी, सुमारे चाळीस तासांच्या कारवाईनंतर, ‘आयएनएस कोलकाता’ आणि विमानातून समुद्रात उतरवलेल्या मरीन कमांडोंनी ते सोडवले. सतरा खलाशी सुखरूप सुटले, पस्तीस चाचे शरण आले आणि एका आठवड्यात मुंबई पोलिसांच्या हवाली झाले. या वेळी पोलिसांच्या हाती नेमका कायदा होता. कमांडोंच्या छत्र्यांची छायाचित्रे सर्व वृत्तपत्रांनी छापली. त्या कायद्याचा मसुदा वर्षानुवर्षे हातावेगळा न करता जपणाऱ्या अधिकाऱ्यांचे छायाचित्र कोणी छापले नाही आणि ते छापले जावे अशी त्यांची अपेक्षाही नसते.

परंतु ते अधिकारी कोण, किती आणि कुठे आहेत, हा प्रश्न देशाने विचारलाच पाहिजे.

पांढऱ्या गणवेशाविना

परराष्ट्र खात्यातील सागरी सुरक्षेचा जाणकार दिवसभर करतो तरी काय? त्याच्या अंगावर नौदलाचा पांढरा गणवेश नसतो. तो कधी नौकेवर पाऊल ठेवतो, तेही बहुधा एखाद्या समारंभापुरते. त्याच्यासमोर असतात ते नकाशे, करारांची कलमे आणि दुसऱ्या देशांची निवेदने. एखाद्या देशाचे ‘संशोधन’ जहाज आपल्या किनाऱ्यापासून दीडशे सागरी मैलांवर फिरताना दिसले, तर नौदल त्याच्यावर नजर ठेवते. पण ते जहाज तिथे कोणत्या अधिकाराने आले, त्याला संमती लागते की नाही, लागत असेल तर निवेदनात ‘चिंता’ व्यक्त करायची की ‘आक्षेप’ नोंदवायचा, आणि आज वापरलेला शब्द दहा वर्षांनी एखाद्या लवादासमोर आपल्याच अंगावर येणार नाही ना, हे पाहणारा माणूस या खात्यात बसलेला असतो. किंवा असायला हवा.

एप्रिल २०२१ ची घटना या दृष्टीने बोलकी आहे. अमेरिकेच्या ‘जॉन पॉल जोन्स’ या युद्धनौकेने लक्षद्वीपच्या पश्चिमेस सुमारे १३० सागरी मैलांवर, म्हणजे भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, पूर्वसंमतीविना संचार केला आणि अमेरिकन आरमाराने तसे जाहीरही केले. मित्र म्हणवणाऱ्या देशाने असे करावे, याचा संताप देशभर उमटला. परराष्ट्र खात्याचे उत्तर दोन दिवसांनी आले. ते शांत आणि तोलून लिहिलेले होते: किनारी राष्ट्राच्या संमतीविना त्याच्या आर्थिक क्षेत्रात लष्करी कवायती करण्याची मुभा सागरी कायदा देत नाही, ही भारताची जाहीर भूमिका आहे. अडचण अशी की अमेरिका, ब्रिटन यांसारख्या दर्यावर्दी सत्तांना ही भूमिका मान्य नाही आणि परक्या नौकांना आपल्या आर्थिक क्षेत्रात अडवू पाहणारा चीन जवळजवळ याच धर्तीचा युक्तिवाद करत असतो! दक्षिण चीन समुद्रात मुक्त संचाराचा पुरस्कार करायचा आणि अरबी समुद्रात संमतीचा आग्रह धरायचा, ही दोरीवरची कसरत आहे. ती अशक्य नाही, परंतु जोशपूर्ण भाषणाने ती साधत नाही. तिला कलम न कलम पाठ असलेला माणूस लागतो.

नकाशावरची एक रेघ

या कामाचा सामान्य माणसाशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर केरळच्या किनाऱ्यावर आहे.

सोमाली चाच्यांचा उपद्रव शिगेला पोहोचला होता तेव्हा आंतरराष्ट्रीय जहाज व्यवसायाच्या संघटनांनी समुद्राच्या नकाशावर ‘अतिधोक्याचे क्षेत्र’ आखले. २०१० च्या अखेरीस त्यांनी या क्षेत्राची पूर्व सीमा ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत सरकवली. नकाशा उघडून पाहिला तर ही रेघ कन्याकुमारीच्याही किंचित पूर्वेकडून जाते. म्हणजे कांडला, मुंबई, मार्मागोवा, मंगळूर, कोची असा भारताचा संपूर्ण पश्चिम किनारा एका फटक्यात धोक्याच्या क्षेत्रात ढकलला गेला! या बंदरांत येणाऱ्या जहाजांवर विम्याचा वाढीव भार पडू लागला. व्यापारी जहाजे भर समुद्र सोडून भारतीय किनाऱ्याला खेटून जाऊ लागली आणि त्यांच्यावर सशस्त्र रक्षक आले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमार जाळी टाकत होते, त्याच पाण्यात आता बंदूकधारी परदेशी जहाजे वावरू लागली. होडी जरा जवळ आली तरी वरून पाहणाऱ्या परक्याला ती चाच्यांची वाटावी, अशी ही परिस्थिती होती.

१५ फेब्रुवारी २०१२ रोजी जे घडायचे ते घडले. ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरील दोघा नौसैनिकांनी किनाऱ्यापासून सुमारे वीस सागरी मैलांवर ‘सेंट अँटनी’ या मासेमारी नौकेवर गोळ्या झाडल्या. दोन भारतीय मच्छीमार मृत्युमुखी पडले. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते.

पुढची नऊ वर्षे हे प्रकरण चालले. केरळ पोलिसांनी गुन्हा नोंदवला. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रादेशिक समुद्राबाहेर राज्याला अधिकार नाही, तो केंद्राचा विषय आहे. इटलीने २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाकडे धाव घेतली. लवादाचा निवाडा २०२० साली आला: मच्छीमार नौकेच्या संचारस्वातंत्र्याचा भंग झाला, सबब भारताला भरपाई मिळावी, परंतु ते दोघे नौसैनिक आपल्या राज्याच्या वतीने काम करत असल्याने त्यांना अभय आहे आणि भारत त्यांच्यावर खटला चालवू शकत नाही. इटलीने दहा कोटी रुपये भरले आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण मिटवले. देशाच्या मनाला हा निवाडा लागला आणि ते स्वाभाविकच होते. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गोळी चालली ते पाणी ना पूर्णतः भारताचे होते, ना पूर्णतः परके. प्रादेशिक समुद्र बारा सागरी मैलांपर्यंत, त्याला लागून संलग्न क्षेत्र चोवीस मैलांपर्यंत आणि दोनशे मैलांपर्यंत आर्थिक क्षेत्र. प्रत्येक पट्ट्यात अधिकार वेगळे. या बारकाव्यांचा अभ्यास घटना घडल्यावर सुरू करून चालत नाही.

त्या रेघेचे पुढे काय झाले? भारत तिच्याविरुद्ध सतत झगडत राहिला. नौदलाने गस्तीच्या नोंदी पुरवल्या, मुंबईतील नौवहन महासंचालनालयाने व्यापाराची बाजू मांडली आणि परराष्ट्र खात्याने सोमाली चाचेगिरीविषयीच्या आंतरराष्ट्रीय संपर्क गटाच्या बैठकांमधून हा विषय लावून धरला. अखेर १ डिसेंबर २०१५ पासून ती सीमा ६५ अंशांवर, म्हणजे मुंबईच्या पश्चिमेस सात-आठ अंश दूर, मागे नेण्यात आली. भारतीय बंदरे धोक्याच्या क्षेत्रातून बाहेर पडली. विम्याचा बोजा उतरला आणि मच्छीमारांच्या पाण्यातली गर्दी ओसरण्यास वाट मिळाली. एकही गोळी न झाडता मिळालेला हा विजय होता. त्याच्या मिरवणुका निघाल्या नाहीत. परंतु पाच वर्षे लागली, हेही खरे. तीच रेघ २०११ मध्येच मागे गेली असती तर? या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून तो अधिक टोचतो.

मोजकी माणसे

अशी कामे करणारी माणसे या देशाला लाभलीच नाहीत असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९७३ ते १९८२ अशी नऊ वर्षे चाललेल्या सागरी कायदा परिषदेत भारताची बाजू मांडणाऱ्यांत परराष्ट्र खात्याचे विधी सल्लागार सत्यपाल जगोटा होते. सागरी सीमांवरील त्यांचा ग्रंथ जगभर मान्यता पावला. त्याच परिषदेत भारताने खोल समुद्रातील खनिजांसाठी ‘आद्य गुंतवणूकदार’ हे स्थान पदरात पाडून घेतले आणि १९८७ च्या ऑगस्टमध्ये या नात्याने नोंदणी होणारा भारत पहिला देश ठरला. मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटरच्या टापूत शोध घेण्याचा हक्क त्यातून आला. श्रीमंत राष्ट्रांच्या पंगतीत एका विकसनशील देशाला हे पान कसे वाढले गेले, याचे श्रेय त्या वाटाघाटीत वर्षानुवर्षे टिकून बसलेल्या माणसांचे आहे.

पी. चंद्रशेखर राव परराष्ट्र खात्याच्या विधी विभागात घडले, पुढे केंद्रीय विधी सचिव झाले आणि १९९६ पासून तब्बल एकवीस वर्षे हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाचे न्यायाधीश होते. १९९९ ते २००२ या काळात त्यांनी त्याचे अध्यक्षपदही भूषवले. त्यांच्यानंतर २०१७ मध्ये निवडून आलेल्या नीरू चढ्ढा या त्या न्यायाधिकरणावरील पहिल्या भारतीय महिला. त्याही खात्याच्या विधी विभागाच्या प्रमुख होत्या. बांगलादेशाबरोबरचा सागरी सीमेचा खटला आणि इटालियन नौसैनिकांचे प्रकरण, दोन्हींत भारताच्या प्रतिनिधी म्हणून त्या उभ्या राहिल्या होत्या.

बांगलादेशाच्या त्या खटल्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पराभवातही धोरण असू शकते हे सहसा कोणी मान्य करत नाही. ७ जुलै २०१४ च्या निवाड्याने वादग्रस्त २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला दिले. तीन चतुर्थांशांहून अधिक भाग गेला. भारताने तो निवाडा मान्य केला. ‘सागरावरचा हक्क सोडला’ अशी ओरड झाली. परंतु दोनच वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, फिलिपिन्सच्या बाजूने लागलेला निवाडा चीनने धुडकावून लावला तेव्हा मोठ्या राष्ट्राने कसे वागू नये आणि कसे वागावे, याची दोन उदाहरणे जगासमोर शेजारी-शेजारी उभी राहिली. बंगालच्या उपसागरातली ती सीमा आता पक्की आहे. पूर्वेकडच्या शेजाऱ्याशी कितीही कुरबुरी झाल्या तरी त्या रेषेवरून वाद पेटवणे कोणालाही अवघड आहे.

याउलट कच्चातीवूचे पाहा. निवडणूक आली की हे बेट वर येते. १९७४ च्या कराराने ते श्रीलंकेच्या बाजूला गेले. तमिळ मच्छीमारांना विश्वासात न घेता तो निर्णय झाला, हा आक्षेप रास्तच आहे. मात्र १९७६ च्या करारात मन्नारच्या आखाताची सीमा ठरली आणि कन्याकुमारीच्या दक्षिणेचा माशांनी समृद्ध असा ‘वेज बँक’चा प्रदेश भारताकडे आला, हे व्यासपीठावरून बोलणाऱ्या किती जणांना ठाऊक असते? काय दिले याची यादी हाती असेल, तर काय घेतले याचीही असावी. अशा याद्या ठेवणे हेच तज्ज्ञाचे काम.

बदलीचे चक्र

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की ही माणसे घडली ती व्यवस्थेमुळे कमी आणि स्वतःच्या निष्ठेमुळे अधिक. त्यातही बहुतेक जण विधी विभागातले, म्हणजे कायद्याच्या स्वतंत्र संवर्गातले. धोरण ठरवणाऱ्या मुख्य परराष्ट्र सेवेची रचनाच निराळी आहे. जेमतेम हजाराच्या आसपास अधिकाऱ्यांवर दोनशेच्या घरातील वकिलाती, दूतावास आणि दिल्लीतील सारे मुख्यालय चालते. अधिकारी तीन वर्षांनी बदलतो. आज जो हिंदी महासागराचे टिपण लिहितो, तो उद्या दक्षिण अमेरिकेत व्यापारवृद्धी पाहतो आणि परवा पारपत्र कार्यालय सांभाळतो. विषय कळू लागला की बदलीचा आदेश येतो. नौदलाचा प्रतिनिधी समोर बसलेला असतो तो तीस वर्षे समुद्रच पाहत आलेला. दुसऱ्या देशाचा प्रतिनिधी असतो तो पंधरा वर्षे हेच एक कलम घेऊन बसलेला. आणि आपला हुशार, कष्टाळू अधिकारी मागच्या मार्चमध्ये रुजू झालेला!

विभागांची वाटणीही पाहण्यासारखी होती. २०१६ पर्यंत मॉरिशस आणि सेशेल्स आफ्रिकेच्या विभागात होते, तर श्रीलंका व मालदीव बांगलादेश-म्यानमारच्या सोबत. जणू या बेटांमधला समुद्र कोणाचाच नव्हता. त्या वर्षी हिंदी महासागर विभाग निर्माण झाला, २०१९ मध्ये त्यात मादागास्कर, कोमोरोस आणि रियुनियन आले. त्याच वर्षी हिंद-प्रशांत विभागही उभा राहिला. हे योग्यच झाले. कारगिलनंतर नेमलेल्या मंत्रिगटाने २००१ मध्ये सागरी विषयांसाठी शिखर यंत्रणा सुचवली होती. राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक प्रत्यक्षात नेमला गेला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये. मधल्या एकवीस वर्षांत २६ नोव्हेंबर २००८ येऊन गेला. दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले, तेव्हा समुद्र कोणाच्या अखत्यारीत यावर किती कार्यालयांचा दावा होता आणि जबाबदारी किती जणांची, याची उजळणी मुंबईकरांसमोर करण्याची गरज नाही.

चीनने २००९ मध्येच आपल्या परराष्ट्र मंत्रालयात सीमा आणि सागरी व्यवहारांचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. अमेरिका तर सागरी कायदा कराराची सदस्यही नाही. तरीही तिचे परराष्ट्र खाते १९७० पासून एकेका देशाच्या सागरी दाव्यांची चिकित्सा करणारी अभ्यासमाला प्रसिद्ध करत आले आहे. करार न पाळणाऱ्याने करार पाठ करावा आणि पाळणाऱ्याने तो बदलीच्या चक्रात विसरावा, हा विपर्यास आहे.

यावर खात्यातील जुन्या मंडळींचा एक आक्षेप असतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. मुत्सद्द्याला विस्तृत दृष्टी हवी; एकाच विषयात मुरलेला माणूस सारे जग त्याच खिडकीतून पाहू लागतो. खरे आहे. मालदीवचेच उदाहरण घ्या. जून २०१९ मध्ये भारताने त्या देशाशी समुद्रतळाच्या सर्वेक्षणाचा करार केला. सर्वेक्षणाच्या दृष्टीने तो उत्तम होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथे सत्तांतर झाले आणि महिनाभरात नव्या सरकारने त्याचे नूतनीकरण नाकारले; मे २०२४ पर्यंत तेथील भारतीय लष्करी कर्मचाऱ्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ पाठवावे लागले. माल्याच्या गल्लीत काय बोलले जाते, तिथल्या निवडणुकीत कशाची घोषणा होते, हे केवळ सागरी नकाशा जाणणाऱ्याला कळणार नाही. पुढे संयमाने हे संबंध सावरले गेले आणि जुलै २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनी प्रमुख पाहुणे होते. ते साधले मुरब्बी मुत्सद्द्यांनीच. परंतु यावरून सिद्ध होते ते इतकेच की दोन्ही प्रकारची माणसे हवीत. सर्वच अधिकारी सागराला वाहून घ्यावेत असे कोणी म्हणत नाही. वीस-पंचवीस जण तरी असे असावेत की ज्यांची बदली झाली तरी विषय बदलणार नाही: दिल्ली, मग पोर्ट लुई, मग लंडनची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, मग हॅम्बुर्ग, आणि पुन्हा दिल्ली. नौदलातून आणि विद्यापीठांतून माणसे काही वर्षांसाठी आत घ्यावीत आणि त्यांना पाहुण्यासारखे कोपऱ्यात न बसवता निर्णयाच्या मेजावर बसवावे.

विजयदुर्गाची राख

महाराष्ट्राला हे निराळे समजावून सांगावे लागू नये. शिवछत्रपतींनी आरमार उभारले आणि कान्होजी आंग्र्यांनी कोकणच्या समुद्रावर दस्तकाची सत्ता चालवली. परवाना घेतल्याविना व्यापारी गलबताने जाऊ नये, हा त्यांचा दंडक होता. पोर्तुगीज हेच आपल्या परवान्यांनी दीड-दोन शतके करत आले होते. पोर्तुगिजांनी केले तो कायदा आणि आंग्र्यांनी केले ती चाचेगिरी, अशी व्याख्या इंग्रजांच्या दप्तरात लिहिली गेली आणि पुढे शाळेच्या पुस्तकांतही उतरली. समुद्रावर शब्दांना किती धार असते, हे इथेच दिसते.

पण त्याहून दुखरी आठवण १७५६ ची आहे. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरे. त्यांचा बंदोबस्त करणे पुण्याला आवश्यक वाटले, तेही समजण्यासारखे आहे. त्यासाठी १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी तह झाला. त्या वर्षी सुवर्णदुर्ग पडला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला चढवला. आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. किल्ला इंग्रजांनी काही महिने सोडला नाही आणि सोडला तो बाणकोट पदरात पाडून घेऊनच. हेच दोघे पुढच्या वर्षी बंगालमध्ये होते. प्लासीची लढाई १७५७ च्या जूनमधली. मराठ्यांचे ते आरमार जळाले त्यामागे दर्यावर्द्यांच्या शौर्याची उणीव नव्हती. घरचे भांडण मिटवताना समुद्र कोणाच्या हाती जातो आहे, हे तहाच्या मसुद्याकडे बघून सांगणारा माणूस पुण्याच्या दरबारात नव्हता, किंवा असला तर त्याचे कोणी ऐकले नाही.

आज भारताच्या परदेशी व्यापारापैकी वजनाच्या हिशेबाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे जातो-येतो. मध्यमवर्गीय घरातल्या स्वयंपाकाच्या गॅसपासून पेट्रोलपर्यंत बहुतेक सारे याच वाटेने येते. तरीही त्या घरातला हुशार मुलगा किंवा मुलगी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसते तेव्हा पहिली पसंती प्रशासकीय सेवेला आणि दुसरी पोलीस सेवेला असते. परराष्ट्र सेवा घेतलीच तर आई-वडिलांना काळजी की पोर दूर जाणार. सागरी कायदा हा शिकण्याचा, आयुष्य वाहण्याचा विषय असू शकतो, हे कोकण किनारा आणि मुंबई बंदर लाभलेल्या महाराष्ट्रातही फारसे कोणाच्या ध्यानीमनी नसते. कायद्याचे शिक्षण घेणारी मुले कंपन्यांच्या करारांकडे वळतात, त्यांत पैसा आहे. परंतु मोठ्या कंपनीचा करार फार तर दहा-वीस वर्षांचा असतो.

समुद्राच्या कामाची मुदत निराळी असते. ११ मे २००९ रोजी भारताने दोनशे मैलांपलीकडील विस्तारित भूखंडमंचावरचा आपला दावा संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे ठेवला. समुद्रतळाच्या त्या पट्ट्यातील तेल, वायू आणि खनिजे पुढच्या पिढ्यांच्या मालकीची असतील की नाही, हे त्यावर ठरायचे आहे. मधल्या काळात शेजाऱ्यांचे आक्षेप आले, आयोगाचे सदस्य बदलले, दिल्लीतील सरकार बदलले. २०२५ मध्ये भारताने अरबी समुद्रातील त्या दाव्याचा काही भाग सुधारून पुन्हा सादर केला. २००९ साली परराष्ट्र सेवेत रुजू झालेला तरुण अधिकारी एव्हाना चार-पाच देश फिरून आला असेल. ती फाईल अजून उघडीच आहे.